रांजणाची नोंद आणि ‘वापर’ नावाचा रकाना

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं रांजणावर काय बोलायचं, असा साधारण सूर होता. प्रश्न बरोबर आहे. पण आमच्या शास्त्रात घटाइतकी राबवून घेतलेली वस्तू दुसरी नाही. कार्यकारणभाव सांगायचा तर घट आणि माती. अभाव सांगायचा तर ‘भूतलावर घट नाही’. आकाश एकच आहे हे सांगायचं तरी घटाकाश. चाळीस वर्षं आम्ही फळ्यावर घट काढला, पुसला आणि पुन्हा काढला. खराखुरा प्राचीन घट हातात घेऊन, फूटपट्टी लावून, आत बॅटरी मारून पाहिला तो मात्र सत्तरी ओलांडल्यावर. तेव्हा लक्षात आलं की ज्याच्यावर एवढं बोललो त्याच्याकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. (हशा)

झालं असं. एका जिल्ह्याच्या गावी छोटं संग्रहालय आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी टीका येणार आहे, आणि तिथली माणसं भली आहेत. तिथे ताम्रपाषाण काळातली काही भांडी आहेत, पण नोंदी जुन्या आणि त्रोटक. आमचा पाचसहा निवृत्तांचा गट आहे. त्यात एक ड्रॉइंगचे मास्तर, एक रसायनशास्त्राच्या बाई, एक बँकेतले साहेब आणि आम्ही. संग्रहालयाच्या प्रमुखांनी विचारलं, आमच्या एका रांजणाचं नीट नोंदपत्र करून द्याल का? आम्ही हो म्हटलं. एका सकाळचं काम वाटलं होतं, पुरे अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत नोंद म्हणजे काय, याविषयी आमची जी मतं झाली ती आज मांडायची आहेत. म्हटलं तर ही एका कागदाची समीक्षा आहे. कविता-कादंबरीची समीक्षा होते, मग नोंदपत्राची का होऊ नये? तोही एक मजकूरच आहे, आणि त्याच्यावर विसंबून पुढची माणसं इतिहास लिहितात.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात शेती करून स्थिर राहणारी पहिली गावं साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची. प्रवरेकाठचं जोर्वे, संगमनेर तालुक्यातलं. तिथे १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, आणि त्या गावाचं नाव एका सबंध संस्कृतीला मिळालं. मग नेवासे, चांडोली, दायमाबाद आणि घोड नदीकाठचं इनामगाव. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात काम केलं. जोर्वे संस्कृतीचं ओळखीचं भांडं म्हणजे लाल रंगाचं, काळ्या रेघांच्या नक्षीचं, चाकावर घडवलेलं आणि इतकं छान भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तेच असतं. पण त्याच घरांत दुसरी भांडीही होती. जाड, ओबडधोबड, हातानं घडवलेली, गळ्याभोवती मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटांचे ठसे उठवलेली. मोठे रांजण या दुसऱ्या जातीचे. मुखपृष्ठावर ते येत नाहीत. आमचा रांजण याच जातीचा.

संग्रहालयाच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद एका ओळीची होती : क्रमांक, ‘रांजण, मातीचा, ताम्रपाषाण’, उंची, आणि ‘वापर’ या रकान्यात ‘धान्यसाठा’.

या एका शब्दाकडे आपल्याला परत यायचं आहे. पण आधी कामाला सुरुवात कशी झाली ते सांगतो, म्हणजे आमच्या चुकाही कळतील.

पहिल्या दिवशी आम्ही मापं घेतली. उंची ५२ सेंटिमीटर, पोटाचा सगळ्यात मोठा बाहेरचा व्यास ४८. तोंडाचा व्यास घेतला तो ३६ आला. बँकेतले साहेब शिस्तीचे, त्यांनी पुन्हा घेतला तर ३४. तिसऱ्यांदा ३७. साहेब म्हणाले, तुम्हाला माप घेता येत नाही. मास्तर म्हणाले, माप बरोबर आहे, तोंडच गोल नाही. हातानं घडवलेलं भांडं ते, गोल असेल कशाला? आणि इथेच पहिला पेच आला.

पुरातत्त्वात भांड्याचं चित्र काढायची एक ठरलेली रीत आहे. मधोमध उभी रेघ ओढायची. तिच्या एका बाजूला भांडं सुरीनं कापल्यासारखा छेद दाखवायचा, भिंतीची जाडी काळी भरून; दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. रीत फार सोयीची आहे. जगातल्या कुठल्याही उत्खननाचं भांडं दुसऱ्या कुठल्याही भांड्याशेजारी ठेवून ताडून बघता येतं. १८९० मध्ये पॅलेस्टाइनमध्ये टेल-एल-हेसीच्या टेकाडावर फ्लिंडर्स पेट्रीनं दाखवून दिलं की साध्या खापरांच्या आकारावरून थरांचा काळ सांगता येतो. त्याआधी खापर म्हणजे कचरा होता, लोक अख्खी भांडी आणि सोनंनाणं तेवढं उचलत. खापर बोलू लागलं ते तुलनेमुळे, आणि तुलनेसाठी एकसारखी चित्रं लागतात. हे ऋण मान्यच आहे.

पण मधली रेघ ओढली की तुम्ही एक विधान करून बसता : हे भांडं दोन्ही अंगांनी सारखं आहे. चाकावरच्या भांड्याला ते चालतं. हातानं थापलेल्या रांजणाला ते सरळसरळ खोटं आहे. आमच्या मास्तरांनी ती रेघ ओढायला नकार दिला. म्हणाले, ‘मी पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, दिसतं ते काढा. आता म्हातारपणी न दिसणारं काढू?’ दोन दिवस वाद चालला. शेवटी त्यांनी चार बाजूंनी चार बाह्यरेषा काढल्या आणि एक रीतीची, इतरांशी ताडून बघण्यापुरती. आमच्या मते हेच बरोबर. रीतीचं चित्र काढावं, पण तेवढंच काढून थांबू नये.

प्रमाणाचीही तीच गोष्ट. अहवालांत वाडगा एका प्रमाणात छापतात आणि शेजारी रांजण त्याच्या निम्म्या प्रमाणात, पानावर मावावा म्हणून. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण डोळा ते वाचत नाही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. जो उचलायला दोन माणसं लागतील आणि जो ओंजळीत बसेल, ते दोन्ही पानावर भावंडं होऊन बसतात.

आता आमची स्वतःची चूक. पहिल्या दिवशी आम्ही भिंतीची जाडी सहा ठिकाणी मोजली, सरासरी दीड सेंटिमीटर आली. त्यावरून आतला व्यास ४५ धरला, पोट गोलासारखं मानलं आणि आकारमान काढलं : सुमारे ४८ लिटर. फार समाधान वाटलं. सातूचे दाणे लिटरला साधारण सहाशे ग्रॅम भरतात, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस किलो. लगेच आम्ही त्या घराचा जमाखर्च मांडायला बसलो. चौथ्या दिवशी रसायनाच्या बाईंनी ओल्या कापसाच्या बोळ्यानं एक जागा हलकेच पुसली आणि रंग निघाला. खाली पांढरं. प्लास्टर ऑफ पॅरिस! रांजण तुकड्यांतून जुळवलेला होता, रिकाम्या जागा प्लास्टरनं भरून मातीचा रंग दिलेला. आमच्या सहा मापांतली तीन प्लास्टरवरची होती. खऱ्या मातीची जाडी पोटाशी अडीचच्या घरात निघाली. आतला व्यास ४३ झाला आणि आकारमान बेचाळीस लिटरच्याही जरा आत आलं. एका सेंटिमीटरनं सहा लिटर गेले. सातूच्या हिशेबात साडेतीन किलो, दिवसाला अर्धा किलो धरलं तर एका माणसाचा आठवडा. चुकीचं माप जोडणाऱ्याचं नव्हतं, आमचं होतं. पण खरी माती कुठे संपते आणि प्लास्टर कुठे सुरू होतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, हेही तितकंच खरं.

न्यायवैशेषिकांनी ‘खंडघट’ नावाचा एक विचार केलेला आहे. घटाचा टवका उडाला तर उरतो तो तोच घट का? त्यांचं कडक उत्तर आहे : नाही. अवयव बदलले की जुना अवयवी नष्ट झाला आणि नवा, खंडघट, उत्पन्न झाला. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. एवढ्याशा टवक्यासाठी एवढं कशाला? पण त्या खोलीत आमच्यासमोर तिसरीच वस्तू उभी होती. फुटलेले तुकडे, त्यांत प्लास्टर, वर रंग. याला काय म्हणायचं? नैयायिकाला निदान आपण कोणत्या वस्तूविषयी बोलतोय याची चाड होती. नोंदपत्रात ‘उंची ५२ सेंमी’ असं लिहिलं तर ती कोणाची उंची? बुडाचा जवळजवळ निम्मा भाग प्लास्टरचा असेल, तर ती जोडणाऱ्याच्या अंदाजाची उंची आहे. आम्ही मग नोंदपत्रात प्रत्येक मापापुढे ‘माती’ किंवा ‘भरण’ असं लिहायला लागलो. साधी गोष्ट आहे. छापील नमुन्यात त्याला जागा नव्हती, समासात लिहिलं.

थोडं विषयांतर करतो, कारण ते आम्हाला आवडतं. घट आव्यात भाजताना त्याचा रंग बदलतो तो कसा, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचा जुना तंटा आहे. वैशेषिक म्हणतात, अग्नी लागताच घट परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, छे! घट जसाच्या तसा राहूनच भाजतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून तेज आत शिरतं. हा पिठरपाक. घट विस्कटत असता तर आव्यात त्याच्यावर रचलेली भांडी कोसळली नसती का? हा युक्तिवाद ज्यानं केला त्यानं आवा नक्की पाहिलेला होता. आता आमच्या रांजणाच्या एका तुकड्याची कड उघडी होती. बाहेरून लाल, आतून लाल आणि मधोमध कोळशासारखा काळा पट्टा. मातीत कालवलेलं भुसकट किंवा लीद मधल्या भागात पुरती जळली नाही, कारण आच किंवा हवा तिथवर पुरेशी पोचली नाही किंवा पुरेसा वेळ मिळाला नाही. म्हणजे पाक झाला, पण सगळीकडे सारखा नाही. दोन्ही पक्षांनी तुटलेल्या खापराची कड पाहिली असती तर वाद कुठल्या अंगाला गेला असता, याचा आम्ही दुपारभर विचार केला. नोंदपत्र बाजूला राहिलं. (हशा)

आता मुद्द्यावर येऊ.

सहाव्या दिवशी आम्ही कुंभारआळीतल्या एका जाणत्या बाईंना विनंती करून आणलं. साठीच्या पुढच्या, घरचं काम अजून करतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, आम्हीही म्हटलं. मावशींनी रांजणाच्या पोटावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, ‘चाकावरचा नाही सर हा. थापलेला आहे. बाहेरून थापी, आतून दगड धरलाय. हे बघा खड्डे.’ ते आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, बोटांना माहीत नव्हतं. मग त्यांनी आत हात घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ चाचपत राहिल्या. म्हणाल्या, ‘पण सर, हा उभा नव्हता हो. आडवा होता.’

आम्ही बॅटरी मारली. आतल्या बाजूला चुनखडीचा पांढुरका थर होता. दख्खनच्या मातीत पुरलेल्या भांड्यांवर तो धरतोच, त्यात नवल नाही. पण भांडं उभं असेल आणि त्यात माती साचली असेल, तर थर बुडाशी असायला हवा आणि त्याची कड काठाला समांतर, पाण्याच्या पातळीसारखी. इथे थर तोंडापासून बुडापर्यंत एकाच अंगाला होता, लांबट, साधारण एक तृतीयांश भागावर. बाहेरूनही त्याच अंगाला. पाच दिवस आम्ही तो बघत होतो. वर्णनाच्या रकान्यात ‘आतून चुनखडीचे पुट’ असं लिहूनही टाकलं होतं. पुट आहे हे दिसलं होतं, त्याची दिशा दिसली नव्हती.

तुमच्यापैकी ज्यांनी इनामगाव किंवा दायमाबादबद्दल वाचलंय, त्यांच्या डोक्यात आता प्रकाश पडला असेल. जोर्वे काळात लहान मूल गेलं की बहुधा घरातच जमिनीखाली खड्डा घेऊन पुरत. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि आत ते मूल. मोठ्या माणसांना उताणं निजवून, डोकं उत्तरेला, आणि पुष्कळदा घोट्याखाली पावलं तोडलेली. हे दफनाचे रांजण कुठल्या वेगळ्या जातीचे असत? तर नाही. याच जाड, हातानं घडवलेल्या जातीचे.

म्हणजे ‘धान्यसाठा’ हे अनुमान होतं. पंचावयव वाक्यात मांडून बघा. हा रांजण साठवणीचा आहे, कारण मोठं पोट, रुंद तोंड आणि जाड भिंत. जे जे असं ते ते साठवणीचं, जसं आमच्या आजीच्या घरचा रांजण. हेतू सव्यभिचार आहे. मोठं पोट आणि रुंद तोंड साठवणीतही असतं आणि दफनातही. पण रजिस्टरमध्ये ते अनुमान म्हणून आलंच नाही, प्रत्यक्षाच्या वेषात आलं. उंची ५२, वापर धान्यसाठा. दोन्ही एकाच शाईत, एकाच ओळीत. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. चूक होण्याला आक्षेप नाही, चुका आम्हीही केल्या. पाहिलेलं आणि ताडलेलं यांना एकच रकाना देण्याला आक्षेप आहे.

लगेच सांगतो, आमचं अनुमानही निर्दोष नव्हतं. घर पडलं आणि रांजण कलंडला, तरी असाच थर धरेल. रसायनाच्या बाईंनी हे लगेच सुनावलं, आणि ते रास्त होतं. तेव्हा आम्ही रजिस्टर परत मागवलं. आमचा रांजण क्रमांक ४१. क्रमांक ४२, त्याच दिवशी दाखल, त्याच गावाहून आलेला : ‘रांजण, मातीचा’, वापर ‘पाणीसाठा’. तो दुसऱ्या दालनात होता, जिन्याखाली, शेजारी छत्र्या ठेवायच्या. तोंडाचा व्यास साधारण तेवढाच. आत बॅटरी मारली. थर एकाच अंगाला, तोंडापासून बुडापर्यंत.

एक कलंडू शकतो. दोन सारख्या मापाचे, एकाच खेपेला आलेले आणि दोन्ही आडवे? शक्य आहे, पण आता वजन दुसऱ्या बाजूला झुकलं होतं. एकाला धान्य आणि एकाला पाणी कोणत्या आधारावर वाटून दिलं होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. बहुधा पहिल्यात धान्य लिहून झालं होतं, म्हणून दुसऱ्यात पाणी.

मग आमच्या बँकेतल्या साहेबांनी, सवयीनं, पानावरच्या सगळ्या नोंदी खालपर्यंत वाचल्या. त्या दिवशी त्या गावाहून आलेल्या वस्तूंची यादी सत्तेचाळीसपर्यंत होती. कुऱ्हाडीचा दगड, मणी, दोन वाडगे. आणि शेवटी ४७ : ‘हाडांचे तुकडे, किरकोळ’. त्यावर तांबड्या शाईनं आडवी रेघ आणि एक शब्द, ‘निर्लेखित’. ज्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केलीय त्यांना तो शब्द माहीत आहे. मोडकी खुर्ची निर्लेखित करतात.

ती हाडं त्या रांजणातली होती असं आम्ही म्हणत नाही. ती गुरांचीही असतील. ते कळायला आता मार्ग नाही, एवढंच म्हणतो. आणि मार्ग नाही याचं कारण चोरी नाही, आग नाही, पूर नाही. ४१ समोर ‘धान्यसाठा’ लिहिलं त्या क्षणी ४७ चा ४१ शी संबंध तुटला. धान्याच्या रांजणाला हाडांशी काय देणंघेणं? मग ती ‘किरकोळ’ झाली, आणि किरकोळ वस्तू कधी ना कधी निर्लेखित होतेच.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही नुसते तक्रारखोर ठरू. इनामगावला सांगाडे रांजणासकट, थरासकट, घराच्या क्रमांकासकट नोंदले गेले. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा सांगाड्यांवरचा खंड १९८६ मध्ये आला, आणि उत्खननाचा मोठा अहवाल ढवळीकर, सांकलिया, अन्सारी यांच्या नावानं १९८८ मध्ये. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ कशी होत होती, दुष्काळाशी आणि बदलत्या शेतीशी तिचा काय संबंध होता, असे प्रश्न विचारले. त्यांचं पुस्तक २०११ चं. खोदणाऱ्यांच्या मनात हे सगळे प्रश्न तेव्हा असायची गरज नव्हती. त्यांनी हाड आणि रांजण वेगळे केले नाहीत, तेवढं पुरलं.

रांजणात काय होतं हेही आज काही अंशी विचारता येतं. बिनझिलईचं भांडं स्निग्ध पदार्थ शोषून घेतं आणि ते हजारो वर्षं मातीच्या छिद्रांत टिकू शकतात. ब्रिस्टलचे रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांचे सहकारी यांनी ही तपासणी रुळवली, आणि सिंधू संस्कृतीच्या खापरांवर अक्षयेता सूर्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा असा अभ्यास अलीकडेच प्रसिद्ध झाला. पण त्यासाठी खापर नको तितकं धुतलेलं, आम्लानं साफ केलेलं, हाताळलेलं नसावं लागतं. आमचा रांजण चकचकीत होता. दर दिवाळीला पुसत होते, असं शिपाईदादांनी कौतुकानं सांगितलं. त्यांना काय बोलणार?

आणखी एक मुद्दा, थोडा नाजूक. इनामगावातलाच एक प्रसिद्ध रांजण आहे, चार पायांचा. त्यात लहान मूल नव्हतं, प्रौढ पुरुष होता, बसलेल्या अवस्थेत, आणि त्याची पावलं तोडलेली नव्हती. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या आवारात तो सापडला, जवळच कोठार. ढवळीकरांनी घर, कोठार आणि हे वेगळं दफन एकत्र ठेवून, ही गावाच्या प्रमुखाची जागा असावी, असा अर्थ लावला. मांडणी विचारपूर्वक आहे आणि आधार समोर ठेवून केलेली आहे. आमची कुरकुर तिच्याबद्दल नाही. ती पुढे जशी उद्धृत होते तिच्याबद्दल आहे. तिसऱ्या-चौथ्या हाताच्या पुस्तकांत ‘असावी’ गळून पडतं. मग असं वाचायला मिळतं : तो प्रमुख होता, म्हणून त्याला खास रांजण मिळाला, आणि रांजण खास होता, यावरून तो प्रमुख होता हे कळतं. हा अन्योन्याश्रय आहे. आधारासाठी दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत आणि खाली जमीन नाही.

तसाच दुसरा लाडका अर्थ, रांजण म्हणजे गर्भाशय. मूल जिथून आलं तिथे परत गेलं. ऐकायला फार सुंदर आहे आणि आपल्याकडे कुंभाला गर्भाची उपमा जुनीच आहे, त्यामुळे पटकन पटतं. आम्हालाही पटायचं, वर्गात सांगितलंही आहे. आता थोडा धीर धरावासा वाटतो. गर्भाशयाला दोन तोंडं जोडलेली नसतात. दोन रांजण का, आडवे का, उत्तर-दक्षिण का, याचं उत्तर ती उपमा देत नाही. कदाचित कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखायचं होतं आणि घरात त्या मापाचं तेवढंच भांडं होतं. कालपर्यंत ज्यात सातू होते ते रिकामं करून आईबापांनी घेतलं असेल. मग ‘धान्यसाठा’ही खरं आणि दफनही खरं, एकामागून एक. रकान्याचं नाव ‘वापर’ असं एकवचनी आहे, हीही त्या रकान्याची अडचण.

शेवटच्या दिवशी संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले, ‘सर, हे सगळं ठीक आहे. पण मी पाटीवर काय लिहू? शाळेची मुलं येतात. एक शब्द द्या.’ आमच्यात एकमत होईना. साहेब म्हणाले, ‘दफनकुंभ’ लिहा. बाई म्हणाल्या, पुरावा पुरेसा नाही, मग आपण आणि तो रजिस्टर लिहिणारा यात फरक काय राहिला? मास्तर म्हणाले, नुसतं ‘रांजण’ लिहा. मावशी त्या दिवशीही आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘आत लेकरू होतं म्हणता, मग दोघं वेगवेगळ्या खोल्यांत कशाला ठेवलेत?’

ते तेवढं त्याच दुपारी झालं. छत्र्या हलवल्या आणि ४२ क्रमांकाचा रांजण ४१ शेजारी आणून ठेवला. उभाच ठेवलाय, आडवा ठेवायला लाकडी बैठक लागेल, तिची मंजुरी यायची आहे. नोंदपत्रात आम्ही ‘वापर’ रकाना खोडून तिथे दोन ओळी केल्या. एक, ‘पाहिले’ : दोन्ही रांजणांना आतबाहेर एकाच अंगाला चुनखडीचा थर, काठापासून बुडापर्यंत, धान्याचा वा पाण्याचा कोणताही माग नाही, आत काय होतं याची नोंद नाही. दुसरी, ‘ताडले’ : दोन्ही बराच काळ आडवे असावेत, तोंडाला तोंड लावून दफनासाठी वापरल्याची शक्यता, आधी साठवणीसाठी वापरले असल्यास त्याला बाध नाही, पाहा क्रमांक ४७, निर्लेखित. खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. मावशींचं नाव निरीक्षक म्हणून घातलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, याचे पैसे-बिशे मिळतात का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग चहा तरी चांगला पाजा.

पाटीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कुणाला सुचलं तर सांगा, आम्ही कळवू. मास्तर आज पुढच्या रांगेत बसलेत, चित्रांची गुंडाळी त्यांच्याजवळ आहे. चहाच्या वेळी जरूर बघा. मधली रेघ फक्त एकाच चित्रात सापडेल, आणि तीही त्यांनी पेन्सिलीनं, अगदी फिकी काढली आहे.